मनोरुग्णाची सेवा घराजवळ हवी



गँगमध्ये, यार्डात किंवा आरएमएसच्या सॉर्टिंग टेबलावर कोणी जरा वेगळे बोलला की लगेच कोणीतरी म्हणतो, "याला रांचीला पाठवा." गोंदिया-भंडाऱ्याकडचे साथी "नागपूरला पाठवा" म्हणतात, मुंबईकडचे "ठाण्याला" आणि पुण्याकडचे "येरवड्याला". गावाचे नाव बदलते, अर्थ एकच राहतो. डोक्याचा आजार झाला की त्या माणसाने आपल्यातून उठून दूर कुठेतरी भिंतीआड जायचे. थट्टेत बोललेली ही गोष्ट म्हणजे गेल्या दीडशे वर्षांच्या सरकारी धोरणाचा सारांशच आहे. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४चे, रत्नागिरीचे १८८६चे, ठाण्याचे १९०१चे. रांचीजवळ कांके येथील केंद्रीय संस्था १९१८ची. इंग्रज गेले, पण उंच भिंत, मोठे फाटक आणि घरापासून शेकडो मैल अंतर ही पद्धत राहिली.

आमच्या छत्तीसगडचेच पाहा. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य वेगळे झाले. जुन्या मध्य प्रदेशची मनोरुग्णालये ग्वाल्हेर आणि इंदूरला राहिली. आपल्या भागातली माणसे रांची किंवा नागपूरची वाट धरीत होती. पुढे बिलासपूरजवळ सेंदरी येथे राज्याचे मानसिक चिकित्सालय झाले. झाले हे चांगलेच झाले. पण रिसालीहून दुर्ग स्टेशन, तिथून बिलासपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि मग पुढे सेंदरी. बस्तरच्या टोकाकडच्या आदिवासी कुटुंबाला तर एक दिवस आणि एक रात्र कमी पडते. बिथरलेल्या, झोप उडालेल्या, आपल्यावर कोणी पाळत ठेवून आहे असे समजणाऱ्या तरुण मुलाला घेऊन जनरल डब्यातून हा प्रवास कसा होत असेल, याची कल्पना गाडी चालवणाऱ्यांना आणि तिकीट तपासणाऱ्यांना करून द्यायला नको.

या लेखात मी साध्या ताणतणावाबद्दल बोलत नाही. ताणतणावावर आजकाल सगळीकडे व्याख्याने होतात. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाचे बॅनर लागते, एक योगशिबिर होते, चहा-समोसा होतो आणि प्रशासनाचे कर्तव्य संपते. मी बोलतो आहे ते स्किझोफ्रेनिया, उन्माद आणि नैराश्याचे झटके आळीपाळीने आणणारा बायपोलर आजार, आणि माणसाला खाटेवरून उठू न देणारे गंभीर नैराश्य यांबद्दल. हे आजार व्याख्यानाने बरे होत नाहीत. त्यांना औषध लागते, तेही वर्षानुवर्षे. त्यांना घरी येऊन विचारपूस करणारा माणूस लागतो, थोडे काम लागते आणि समजून घेणारे शेजारी लागतात. यालाच लोकवस्तीतील सेवा म्हणतात.

हा आपला प्रश्न का?

काही साथी म्हणतील, "आपल्याला रेल्वे हॉस्पिटल आहे, पोस्टवाल्यांना सीजीएचएस आहे, टाऊनशिपवाल्यांना सेक्टर ९चे रुग्णालय आहे. मग सरकारी दवाखान्याची उठाठेव युनियनने का करावी?"

याची तीन उत्तरे आहेत.

पहिले म्हणजे हे आजार बहुतेक वेळा सतरा-अठरा ते तीस या वयात सुरू होतात. नेमक्या याच वयात आपला मुलगा आश्रितांच्या यादीतून बाहेर पडत असतो. अपंगत्वाचा दाखला काढलेला असेल तर त्याचे नाव यादीत राहू शकते. पण त्या दाखल्यासाठी आधी मानसोपचारतज्ज्ञ हवा, 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीवर तपासणी हवी आणि अपंगत्व ४० टक्के ठरायला हवे. हे सगळे होईपर्यंत दोन-तीन वर्षे निघून जातात. तीच वर्षे उपचारासाठी सर्वांत मोलाची असतात.

दुसरे म्हणजे आपल्या शेजारी उभे राहून काम करणारा ठेकेदाराचा मजूर, रात्री डबे धुणारा सफाई कामगार, खेड्यात डाक वाटणारा ग्रामीण डाकसेवक. डाकसेवकाला सीजीएचएस नाही. ठेक्याच्या मजुराला कागदावर ईएसआय आहे, पण ठेका बदलला की कार्डाचा घोळ सुरू होतो. यांना सरकारी दवाखाना हाच एक आधार आहे.

तिसरे उत्तर रिटायर झालेल्या साथींचे आहे. पासष्ट-सत्तरीचा बाप, गुडघे दुखणारी आई आणि घरात पस्तीस वर्षांचा आजारी मुलगा अशी घरे रिसालीत आहेत, चरोड्याच्या रेल्वे वस्तीत आहेत, गोंदियात आहेत, नागपूरच्या अजनीतही असणार. त्या आई-बापांच्या मनात एकच प्रश्न असतो : आमच्यामागे याचे कोण? औषधाची चिठ्ठी या प्रश्नाला पुरत नाही. तिथे वस्तीत चालणारी सार्वजनिक सेवाच लागते.

नोकरी जाते ती अशी

आमच्या माहितीतला एक ट्रॅकमन. कामाला चोख, कोणाशी भांडण नाही. एका पावसाळ्यात तो गप्प गप्प राहू लागला. मग अवजारे टाकून मध्येच निघून जाऊ लागला. रुळांतून आपल्याला कोणी बोलावते असे तो म्हणे. घरच्यांनी आधी बैगा-गुनियाकडे नेले, झाडफूक केली, एक महिना एका देवस्थानात ठेवले. इकडे हजेरीपटावर गैरहजेरीच्या रेघा वाढत गेल्या. अनधिकृत गैरहजेरीबद्दल एसएफ-५ चार्जशीट निघाली. चौकशीला तो आला नाही, येऊ शकतच नव्हता. एकतर्फी चौकशी झाली आणि नोकरीवरून काढल्याचा आदेश घराच्या दारावर डकवला गेला. त्याला आजार आहे, हा साधा प्रश्न संपूर्ण फाईलमध्ये कोणीही विचारला नव्हता. अपिलात आम्ही डॉक्टरांचे कागद जोडले, दोन वर्षे घासाघीस केली, तेव्हा त्याला हलक्या कामावर परत घेतले. आज तो औषध घेतो आणि स्टोअरमध्ये काम करतो. पण ज्यांच्या अपिलाची मुदत गेली, ज्यांच्या पाठीशी शाखा नव्हती, ते किती असतील?

म्हणून प्रत्येक शाखा सचिवाने एक कलम पाठ करून ठेवावे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम २०(४). नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढता कामा नये, खालच्या पदावर ढकलता कामा नये. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे. दुसरे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत सुपरन्यूमररी पदावर ठेवावे. या कायद्याच्या अपंगत्वात मानसिक आजार स्पष्ट धरलेला आहे. १९९५च्या जुन्या कायद्यातही कलम ४७ होतेच. आपल्याकडे डीकॅटेगराइज झालेल्यांना सामावून घेण्याचे नियम आस्थापना नियमावलीत आहेत. पण डोळ्यांमुळे किंवा हृदयामुळे डीकॅटेगराइज झालेला माणूस त्यांचा फायदा घेतो आणि मनाने आजारी पडलेला माणूस चार्जशीट घेतो.

१७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात हा प्रश्न निकालात काढला. मानसिक आजार असलेल्या माणसाकडून शिस्तभंग होण्याची शक्यता त्या आजारामुळेच वाढते, म्हणून सगळ्यांना लावतो तोच नियम त्यालाही डोळे मिटून लावणे हा भेदभाव आहे, असे न्यायालयाने सांगितले. कलम २०(४)चे संरक्षण त्याला दिले आणि सोबत हेही सांगितले की, त्याला शस्त्राशी संबंध नसलेले काम देण्याची मुभा प्रशासनाला आहे.

"मनोरुग्णाच्या हाती इंजिन द्यायचे का?" असे विचारणाऱ्यांना उत्तर यातच आहे. नाही, द्यायचे नाही. गाडीच्या सुरक्षिततेबाबत आपली युनियन कधीच तडजोड करणार नाही. पण इंजिनावरून उतरवणे वेगळे आणि नोकरीवरून उतरवणे वेगळे. उलट आज लोको पायलट किंवा पॉईंट्समन आजार लपवतो, कारण कबूल केले तर रनिंग अलाउन्स जाईल आणि बदनामी होईल ती वेगळीच. लपवलेला आजारच गाडीला धोकादायक असतो. पगार आणि इज्जत शाबूत राहील अशी खात्री द्या, माणूस स्वतः डॉक्टरकडे जाईल.

कायदा चांगला, अंमल कुठे?

१९१२चा वेड्यांचा कायदा या देशात १९९३पर्यंत चालला. त्या जागी आलेला १९८७चा कायदाही मुख्यतः कोणाला भरती करायचे आणि कोणी करायचे याचाच होता. त्या काळी गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांनाही तुरुंगात ठेवीत. पत्रकार शीला बारसे यांनी याचिका केली आणि १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरवले. तरीही ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी निवाऱ्याला आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले. साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. त्यांच्या गावाजवळ डॉक्टर आणि औषध असते तर घरच्यांनी त्यांना तिथे कशाला नेऊन ठेवले असते?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा मे २०१८पासून लागू आहे. तो वाचला तर आपणच मागण्या लिहून दिल्या होत्या की काय असे वाटते. कलम १८ म्हणते की, सरकारी खर्चाने चालणारी सेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे. ती राहत्या जागेजवळ मिळाली पाहिजे, लांबचा प्रवास करावा लागता कामा नये. हाफ-वे होम, आधारगृह आणि घरी येऊन होणारे पुनर्वसन हे सारे त्यात आहे. आवश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात सदैव फुकट मिळाली पाहिजेत. जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा आहे. कलम १९ म्हणते की, घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्या कारणासाठी कोणाला रुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही.

आता अंमल पाहू. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत सुमारे ३५ हजार प्रौढांची पाहणी केली. त्या १२ राज्यांत छत्तीसगड होते. मानसिक आजार असलेल्या शंभरांपैकी ऐंशीहून अधिकांना उपचार मिळत नाही असे तीत दिसले. गंभीर आजारांतही चारातले जवळजवळ तिघे उपचाराविना होते. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा पडत नाही. केंद्राच्या आरोग्य खर्चात मानसिक आरोग्याचा वाटा जेमतेम एक टक्का, आणि त्यातलाही मोठा भाग मोठ्या संस्थांना जातो. ज्याचे अपंगत्व ८० टक्के आहे आणि जो दारिद्र्यरेषेखाली आहे, त्याला केंद्राच्या पेन्शन योजनेतून महिन्याला ३०० रुपये मिळतात. तीनशे रुपयांत आज रिसाली-बिलासपूर जाणे-येणे आणि दोन वेळचे जेवण तरी होते का?

महाराष्ट्रातल्या साथींनीही फुशारकी मारू नये. तिथे तर चार जुनी मनोरुग्णालये आहेत. पण बरे झालेल्यांना जायला जागा नाही म्हणून त्यांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवले जाऊ लागले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवा म्हणून सांगावे लागले. बरा झालेला माणूस भिकाऱ्यांच्या कोंडवाड्यात, ही आपली पुनर्वसनाची कल्पना!

फक्त रुग्णालये बंद करून भागत नाही

जगाचा अनुभव दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखा आहे. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी कायदा केला की, वस्तीवस्तीत केंद्रे उघडू आणि मोठी रुग्णालये कमी करू. रुग्णालये भराभर रिकामी झाली, कारण त्यात पैसा वाचत होता. केंद्रे मात्र ठरली त्याच्या जेमतेम निम्मी उभी राहिली, कारण त्यांना पैसा लागत होता. आजारी माणसे फूटपाथवर आली आणि तिथून तुरुंगात गेली. शिकागो आणि लॉस एंजेलिसचे तुरुंग आज तिथली मोठी मनोरुग्णालये म्हणून ओळखले जातात. खर्च वाचवण्यासाठी केलेल्या सुधारणेचा शेवट कुठे होतो, हे रेल्वेत पदे सरेंडर होताना पाहणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको.

इटलीतील त्रिएस्ते शहरात उलट झाले. १९७१ साली डॉ. फ्रँको बासाल्या तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले तेव्हा आत बाराशेच्या आसपास माणसे होती. ती माणसे रुग्णालयाची झाडलोट आणि धुलाई करीत, आणि मोबदल्यात त्यांना मजुरी मिळत नसे. याला उपचार म्हटले जाई! बासाल्यांच्या काळात त्यांनी कामगार सहकारी संस्था काढली आणि त्याच कामाचा रीतसर ठेका व रोजी मिळवली. मनोरुग्ण कामगार झाला, हे त्याच्या बरे होण्याचे एक मोठे पाऊल ठरले. शहरात चोवीस तास उघडी राहणारी छोटी केंद्रे आधी काढली. प्रत्येकात थोड्याच खाटा, आणि घरी जाणाऱ्या परिचारिका. १९७८ साली संपूर्ण इटलीसाठी कायदा झाला आणि १९८०पर्यंत ते जुने रुग्णालय बंद झाले. आधी सेवा उभी करायची आणि मग भिंत पाडायची, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आपल्याकडे होऊ शकते का?

होऊ शकते, आणि झालेलेही आहे. निम्हान्सने १९८५ ते १९९० या काळात कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग केला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साध्या डॉक्टरांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवले, औषधे खाली पोचवली आणि मानसिक आजाराचे रुग्ण त्यांच्याच तालुक्यात सांभाळून दाखवले. त्यावरून १९९६ साली चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज तो सातशेहून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. मंजूर आहे याचा अर्थ चालू आहे असा नव्हे, हे पदांच्या मंजुरीचा खेळ पाहिलेल्या कामगाराला कळते. छत्तीसगडच्या जिल्हा रुग्णालयांत 'स्पर्श क्लिनिक' उघडले आहे. निम्हान्सने इथल्या सरकारी डॉक्टरांना दूरसंवादाने प्रशिक्षण दिले, तेही चांगले काम झाले. पण क्लिनिकची पाटी असून तज्ज्ञ बदलीवर, समुपदेशक ठेक्यावर आणि गोळी 'पुढच्या महिन्यात येईल' असे जिथे असेल, तिथे उपचार मध्येच तुटतो. या आजारात उपचार तुटणे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणखी एक उदाहरण. तामिळनाडू, गोवा आणि आपल्या साताऱ्यात स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काहींना नेहमीचे दवाखान्याचे उपचार दिले. बाकीच्यांना त्यासोबत स्थानिक, थोडे प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते घरी जाऊन भेटत होते. औषध घेतले का पाहत, घरच्यांशी बोलत, बाहेर पडायला आणि कामाला लागायला मदत करीत. ज्यांना ही भेट मिळाली त्यांची प्रकृती आणि रोजचे व्यवहार दुसऱ्यांपेक्षा अधिक सुधारले. फरक फार मोठा नव्हता आणि जादू तर नव्हतीच. पण डॉक्टर नसलेला, गल्लीतलाच माणूस हे काम करू शकतो एवढे त्यातून सिद्ध झाले.

असा माणूस आपल्या राज्यात आधीच आहे. तिचे नाव मितानिन. सगळ्या देशात आशा कार्यकर्ती येण्याआधी, २००२ सालापासून, छत्तीसगडने मितानिन उभ्या केल्या. आज सुमारे सत्तर हजार बहिणी हे काम करतात. कोणत्या घरात कोण उपाशी आहे, कोणत्या सुनेला टोनही म्हणून छळतात आणि कोणत्या मागच्या खोलीला बाहेरून कडी आहे, हे तिला ठाऊक असते. टोनही छळाविरुद्ध राज्यात २००५चा कायदा आहे. पण एकटी बडबडणारी बाई चेटकीण नसून आजारी असू शकते हे गावाला सांगणार कोण? मितानिनच सांगू शकते. तिला शिकवा, आणि प्रोत्साहन भत्त्यावर न राबवता पगार द्या.

कामगारांनी ठरवले तर काय होते हे पाहायला आम्हाला भिलाईहून फार लांब जावे लागत नाही. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद अस्पताल उभे केले. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी इथेच भिलाईत खून झाला, पण रुग्णालय चालू राहिले. सरकारची जबाबदारी कामगारांनी आपल्या खिशातून उचलावी असे मी म्हणत नाही. दवाखाना कसा असावा हे ठरवण्याचा हक्क आणि अक्कल कामगारांना आहे, एवढे त्या इमारतीने दाखवून दिले आहे.

स्टेशनवरचा माणूस आणि पोस्टमनची फेरी

देशातले बेघर मनोरुग्ण कुठे भेटतात? आपल्या प्लॅटफॉर्मवर. घरून निघालेला आजारी माणूस पहिली गाडी पकडतो आणि भाषा न कळणाऱ्या राज्यात उतरतो. जटा वाढलेल्या, पायाला जखमा असलेल्या माणसाला आपण हाकलतो किंवा पुढच्या गाडीत बसवून देतो. म्हणजे एका स्टेशनची अडचण दुसऱ्या स्टेशनवर टाकतो. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो अशाच माणसांना रस्त्यावरून उचलून, उपचार करून, घरी पोचवल्याबद्दल. त्यांच्या कामातून एक गोष्ट दिसली की, औषधोपचार सुरू झाला की यांतल्या अनेकांना आपले गाव आणि घर आठवते.

कायदा इथेही आहे. २०१७च्या कायद्याचे कलम १०० सांगते की, भटकणाऱ्या मनोरुग्णाला ठाणेदाराने संरक्षणात घ्यावे, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे, कोठडीत ठेवू नये आणि तो बेघर असेल तर त्याच्या घरच्यांचा शोध घ्यावा. जीआरपीचे ठाणेही ठाणेच आहे. स्टेशन मास्तराने मेमो दिला आणि शाखेने पाठपुरावा केला तर हे कलम जिवंत होते.

पोस्टमनबंधूंचे तर स्थानच वेगळे. प्रत्येक दारापर्यंत रोज जाणारा सरकारचा दुसरा नोकर कोण आहे? २०२०च्या टाळेबंदीत डाक खात्याने औषधे पोचवली. मग दर महिन्याला जिल्हा रुग्णालयातून ठरलेली औषधे रुग्णाच्या पत्त्यावर पोस्टाने का जाऊ नयेत? बहुतेक जुनी औषधे स्वस्त आहेत, महाग आहे तो प्रवास आणि बुडालेली रोजी. हे काम कुरिअर कंपनीला न देता डाक खात्याला, पुरेशी माणसे भरून द्या. खात्याला काम मिळेल आणि रुग्णाला गोळी मिळेल.

आपल्या मागण्या

शाखांनी यावर चर्चा करून ठराव करावेत आणि पीएनएममध्ये, डाक सर्कलच्या बैठकीत आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लावून धरावेत :

१) रेल्वेच्या भाडे-सवलतीत कर्करोग, क्षय, कुष्ठरोग, थॅलेसेमिया, सिकलसेल यांचे रुग्ण आहेत, मतिमंद व्यक्ती आहेत. गंभीर मानसिक आजाराचा रुग्ण नाही. त्याचा आणि त्याच्या सोबत्याचा समावेश करा.

२) प्रत्येक सामुदायिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी मानसिक आजारांची ओपीडी आणि बारा महिने औषधे. जिल्हा कार्यक्रमातील सर्व पदे कायम स्वरूपात भरा.

३) दुर्गसारख्या प्रत्येक औद्योगिक जिल्ह्यात सरकारी खर्चाने किमान एक दिवस-केंद्र आणि एक हाफ-वे होम, आणि तिथे काम करणाऱ्या रुग्णाला कामाची रास्त मजुरी.

४) दीर्घ गैरहजेरीत चार्जशीटपूर्वी कल्याण निरीक्षकाने घरी भेट द्यावी आणि वैद्यकीय तपासणी व्हावी. आजार ठरल्यास कलम २०(४)प्रमाणेच कारवाई व्हावी.

५) जुन्या पेन्शनमध्ये कमावू न शकणाऱ्या मनोरुग्ण मुलाला किंवा मुलीला हयातभर कुटुंब-निवृत्तिवेतन मिळते. १ जानेवारी २००४नंतर लागलेल्यांचे काय? १ एप्रिल २०२५पासूनच्या एकीकृत योजनेत निवृत्तीनंतरचे कुटुंब-वेतन पती-पत्नीपाशीच थांबते. आजारी अपत्याचा हक्क परत द्या.

६) ग्रामीण डाकसेवक आणि ठेका कामगारांना संपूर्ण वैद्यकीय संरक्षण.

७) जीआरपी, आरपीएफ आणि स्टेशन कर्मचाऱ्यांना कलम १००चे प्रशिक्षण.

आणि मागण्यांबरोबर काही कामे आपणही करायची आहेत. जुन्या पेन्शनमधल्या ज्या साथींच्या घरी असे अपत्य आहे, त्यांनी हयातीतच दाखला काढून पीपीओत त्याची नोंद करून घ्यावी. मागे राहिलेल्याला कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागणार नाहीत. युनियनच्या ऑफिसात '१४४१६' हा टेली-मानसचा सरकारी नंबर मोठ्या अक्षरांत लावा. तो १० ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. फोन म्हणजे दवाखाना नव्हे, पण रात्री दोन वाजता घाबरलेल्या आईला कोणीतरी उत्तर देते. महिन्यातून एका रविवारी शाखा कार्यालय अशा कुटुंबांना बसायला मोकळे ठेवा. चहा आपल्याकडे असतोच. ही कुटुंबे एकमेकांना भेटली की त्यांना कळते की आपण एकटे नाही. आणि शेवटचे म्हणजे ती थट्टा बंद करा. आपल्या एका बोलण्याने कोणाचा तरी आजार आणखी दोन वर्षे घरात लपून राहतो.

एकेकाळी क्षयरोग्यालाही गावाबाहेर ठेवीत. औषध घराजवळ आले, कर्मचारी दारावर आला आणि भीती पुष्कळ ओसरली. मनाच्या आजाराचेही तसेच होईल, पण मागितल्याशिवाय होणार नाही. आठ तासांचा दिवस कामगाराला कोणी दान दिला नव्हता. ही सेवाही कोणी दान देणार नाही. येत्या शाखा सभेत हा विषय अजेंड्यावर घ्या, ठराव पाठवा आणि केंद्रीय कार्यालयाला कळवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!

— शाखा सचिव, रिसाली (भिलाई)